ते बोट तसंच आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आपल्या अंकात शहराच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, नागपूरच्या एका तरुणीने संगणकावर कार्टून फिल्म साकारल्याची बातमी आली. फोटोसकट आली, त्याबद्दल आधी आभार. त्या दिवशी आमच्या गल्लीत तुमच्या पेपरच्या नऊ प्रती जास्त खपल्या, हे पेपर टाकणाऱ्या पोरानेच सांगितलं. ती तरुणी माझी नात, आणि फिल्म तिने संगणकावर नाही, बाहुल्या हाताने हलवून एकेक फोटो काढत केली आहे. पण त्या बातमीत काही गोष्टी चुकल्या आहेत, आणि फिल्ममध्ये जी खरी चूक आहे ती तुमच्या बातमीदाराला दिसलीच नाही. मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ३४ वर्षं फिटर होतो. जॉबची, म्हणजे घडवलेल्या वस्तूची, तारीफ नाही केली तरी चालतं, पण माप चुकीचं लिहिलेलं मला आजही बघवत नाही. पत्र लांबलं तर कापा, आकडे तेवढे कापू नका.

फिल्म ६ मिनिटं ४० सेकंदांची आहे, म्हणजे ४०० सेकंद. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं जातात. या प्रकारात बरेच जण एकच फोटो दोनदा लावतात, म्हणून सेकंदाला १२ पुरतात. ४०० गुणिले १२ म्हणजे ४,८०० फोटो. त्यातल्या प्रत्येक फोटोआधी माझ्या नातीने बाहुली तांदळाच्या दाण्याएवढी हलवली आहे, हात बाहेर काढला आहे, मागे सरकून बटण दाबलं आहे. याला स्टॉप मोशन म्हणतात. दिवस चांगला गेला तर ४० फोटो व्हायचे, म्हणजे सव्वातीन सेकंदांची फिल्म. असे १२० दिवस. ती मुलांचे चित्रकलेचे क्लास घेते, त्यामुळे ते १२० दिवस चौदा महिन्यांत पसरले. बातमीदाराने तिला खर्च किती आला ते विचारलं, वेळ किती लागला ते विचारलं नाही.

संगणक नव्हताच असं मी म्हणत नाही. फोटो त्यातच साठत होते. आधीचा फोटो पडद्यावर फिका दिसायचा, त्यावर समोरचं चालू चित्र, म्हणजे बाहुली किती सरकली ते कळायचं. गोष्टीतला लाकडी बैल नाली ओलांडायला उडी मारतो तिथे त्याला मागून तारेने धरलं होतं, ती तार नंतर पुसली. आवाजही संगणकातच जोडले. बैलाच्या चाकांचा आवाज मात्र आमच्या घरच्या जुन्या लाकडी बैलाचा आहे, शहाबादी फरशीवर ओढून घेतलेला. पण पत्रिका संगणकावर छापली म्हणून लग्न संगणकावर लागलं असं कोणी म्हणत नाही.

ज्यांनी फिल्म पाहिली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. इतवारीतला एक म्हातारा सुतार तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल करतो. (बाहेरगावचे वाचक असतील तर: मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात.) सगळे बैल विकले जातात, एक राहतो, कारण त्याचं चाक वाकडं आहे. रात्री म्हातारा झोपतो आणि बैल आपला आपण निघतो. कोणाच्या घरी, ते सांगत नाही. फिल्ममध्ये कोणी एक शब्द बोलत नाही. बातमीत ती बालगोपाळांसाठी असल्याचं म्हटलं आहे. फिल्म हॉलमध्ये दाखवली त्या दिवशी शेवटच्या दोन मिनिटांत बालगोपाळच चुळबुळत होते, म्हातारे जागचे हलले नाहीत.

आता बाहुलीच्या आतल्या सांगाड्याबद्दल, कारण ते काम माझं आहे आणि त्याबद्दल बातमीत अक्षर नाही.

सुरुवातीला तिने अ‍ॅल्युमिनियमची तार पिळून म्हाताऱ्याचा सांगाडा केला होता. तार वाकते छान, पण तीस-चाळीस वेळा वाकवली की तुटते. तुटते तीही आतल्या आत, कोपरात, नेमकी शॉटच्या मध्यावर. चार वेळा तुटली. पाचव्यांदा ती जिना उतरून माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "आबाजी, माणसाचा कोपर बनवता येईन का तुम्हाले?" मी म्हटलं, माणसाचा नाही येणार, माप सांग. तिने मोबाईलवर चित्र दाखवलं. दोन पट्ट्या, त्यांच्या दोन टोकांना दोन गोळे, मधून स्क्रू. पाहताक्षणी कळलं की गोळा म्हणजे सायकलचा छर्रा.

मागच्या चाकाचे पाव इंची छर्रे आणले. छर्रा कडक असतो, साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. म्हणून तो आधी लालबुंद तापवायचा आणि राखेत पुरून रात्रभर निवू द्यायचा, की नरम पडतो. ओळखीच्या सोनाराकडून गॅसची टॉर्च आणली. राख आता कोणाच्या घरी सापडते? ती कोळशाच्या इस्त्रीवाल्याकडून पिशवीभर आणली. तो दोनदा विचारून गेला की या राखेचं करता काय. दुसऱ्या दिवशी छर्रा व्हाइसमध्ये तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये धरला, नाहीतर त्याच्यावर दात उठतात. २ मिमीचं ड्रिल निम्म्यापर्यंतच घातलं, त्यात २ मिमीची दांडी बसवली, चांदीचा डाख दिला. इतवारीच्या भांडे ओळीतून दीड मिमी जाडीचं पितळ आणलं. त्याच्या पट्ट्यांना साडेचार मिमीची भोकं पाडली. छर्रा भोकात बसतो, आरपार जात नाही. नऊ इंची म्हाताऱ्यात असे १३ सांधे आहेत. मनगटं तेवढी तारेची ठेवली, तिथे पितळ मावेना.

खरा घोळ पुढे झाला. सांधा ढिला असला की म्हातारा हात वर करतो आणि हात हळूहळू खाली लोंबतो. घट्ट असला की हात हलवायला जावं तर सगळा म्हाताराच फिरतो. याला मायक्रोमीटर नाही. मी स्क्रू पाव फेरा आवळायचा, तिने हात उचलून सोडायचा आणि म्हणायचं, "थोडासाच आबाजी, थोडासाच." एका उजव्या खांद्यावर आमचे तीन दिवस गेले. चवथ्या दिवशी तिने हात उचलला, सोडला, तो तिथेच राहिला. कारखान्यात एखादं मशीन पहिल्यांदा बिनआवाजाचं फिरलं की जसं व्हायचं तसं झालं. चहा मागवला.

माझी छाती फुगलेली बघून तिने मला १९३३ च्या 'किंग काँग'ची माहिती दिली. पडद्यावर इमारतीवर चढणारं ते प्रचंड माकड म्हणजे दीड-दोन फुटांची बाहुली, आतून सांध्यांचा धातूचा सांगाडा. बाहुल्या घडवल्या मार्सेल डेल्गाडोने, हलवण्याचं काम विलिस ओब्रायनचं. अंगावर सशाची कातडी लावली होती. दर फोटोला बोटं लागायची, केस विस्कटायचे, म्हणून पडद्यावर त्या माकडाची लव सारखी वळवळताना दिसते. हलवणाऱ्याच्या बोटांची खूण आहे ती, आज ९० वर्षांनंतरही दिसते.

हे लिहिण्याचं कारण असं की म्हाताऱ्याचं धोतर मधूनच विनाकारण हलतं, अशी उणीव तुमच्या बातमीत काढली आहे. विनाकारण नाही. गांधीबागेतून मलमल आणली, माझ्या सौ.ने शिवली, काठात केसासारखी बारीक तार घातली, वर फेविकॉलचं पाणी मारलं. तरी गुडघा हलवायचा तर धोतराला हात लागणारच. जे धोतर अजिबात हलत नाही ते संगणकातलं, असं समजा.

माझी नात हे काही जगावेगळं करत नाही. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, हे आम्हाला शाळेत शिकवलं. पण त्याच्या आधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडंथोडं चित्रण करून, त्याचं रोप वाढताना पडद्यावर दाखवलं होतं, हे मला या वयात नातीकडून कळलं. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, आगपेटीतल्या काड्या एकेक चित्र घेत हलवून. म्हणजे आपल्याकडे सिनेमा आला तेव्हाच ही हातचलाखीही आली. तेव्हाच्या पेपरांनी ती कशावर केली म्हणून छापलं असेल कोण जाणे, संगणकावर नक्कीच नसेल.

मातीचीही एक गंमत सांगतो. तिला म्हाताऱ्याचं डोकं शाडूचं करायचं होतं. शाडू वाळला की भेगाळतो, भुवई हलवायला गेलं की चेहऱ्याला तडा. ती चितार ओळीत एका मूर्तिकाराकडे विचारायला गेली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरी, आम्ही मूर्ती बसवतो. हलवायची कशी ते आम्हाले काय माहीत?" मग तेलाची, न वाळणारी माती आणली. ती नागपूरच्या उन्हाळ्यासाठी नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला आणि ४५ अंशांत म्हाताऱ्याचं नाक दुपारपर्यंत ओठावर यायला लागलं. दोन शॉटच्या मध्ये त्याचं डोकं फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. सौ. पहिल्या दिवशी किंचाळली, नंतर डोकं सरकवून दूध काढायला लागली.

आणि कूलर बंद! कूलर लावला की धोतर उडतं, टेबल थरथरतं. पंखाही बंद. खिडक्यांना आतून काळा कागद, कारण सूर्य सरकला की सावली सरकते. दिवसा व्होल्टेज कमीजास्त झालं की दिवा मंद-तेज व्हायचा आणि तेवढे फोटो बाद. म्हणून बहुतेक काम रात्री अकरानंतर. पुढच्या खोलीत, जिथे माझी स्कूटर उभी असायची, मे महिन्यात सगळं बंद करून आम्ही दोघं. ती टेबलापाशी, मी टेबलाखाली.

टेबलाखाली का, ते सांगतो. नऊ इंची बाहुली एका पायावर उभी राहत नाही आणि चालताना एक पाय तर उचलावाच लागतो. म्हणून दोन्ही पायांच्या तळव्यांत ३ मिमीचे नट बसवले आणि टेबलाच्या प्लायला भोकं पाडली. जो पाय टेकलेला आहे त्यात खालून स्क्रू आवळायचा. पाऊल पडलं की पुढच्या पायाचा आवळायचा, मागचा सोडायचा, रिकामं भोक वरून मातीने बुजवायचं. म्हातारा हळू चालतो, एका पावलाला दहा फोटो. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याची १४ पावलं आहेत. मी सतरंजी टाकून उताणा, हातात पाना, डोळ्यांवर मोबाईलचा उजेड. वरून आवाज यायचा, "डावा सोडा... हलून राहिले ना तुम्ही! थांबा... आता उजवा कसा." पडद्यावर ते चालणं १२ सेकंदांचं आहे. आम्हाला चार रात्री लागल्या. त्या १२ सेकंदांत मी दिसत नाही, पण मला मीच दिसतो.

चाकांचा हिशेब मात्र मी चुकवला होता. बैलाचं चाक १४ मिमी व्यासाचं, म्हणजे परीघ ४४ मिमी. मी म्हटलं, एका फेऱ्याचे १२ भाग करू. दर फोटोला चाक ३० अंश फिरवायचं आणि बैल ३.७ मिमी पुढे न्यायचा, म्हणजे चाक घसरल्यासारखं दिसणार नाही. आतल्या बाजूने १२ खुणा केल्या. दिसायला शोभेल म्हणून बाहेरून आरेही बाराच रंगवले. पहिला शॉट लावून पाहिला, तर बैल चालतोय आणि चाक जागचं हलत नाही! दर फोटोला एक आरा बरोबर दुसऱ्याच्या जागी येऊन बसत होता, मग फिरलेलं दिसणार कुठून? ३४ वर्षं गिअरचे दात मोजले आणि हे सुचलं नाही. नातीने काही न बोलता एक आरा पिवळा रंगवला. लगेच चाक फिरायला लागलं. पिवळा आरा प्रेक्षकांना आवडला, त्याबद्दल तुमच्या बातमीत कौतुकही आहे. ते कौतुक माझ्या चुकीचं आहे.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसलो ते. बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं आहे की बाहुलीच्या डाव्या हाताचं एक बोट तुटकं दिसतं आणि घाईत तसंच राहून गेलेलं असावं.

ते राहून गेलेलं नाही. ते माझं बोट आहे.

१९९८ साली माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक पहिल्या पेऱ्यापासून गेलं. चूक माझीच. हातमोजा घालून ड्रिल मशीनवर उभं राहायचं नसतं, कापड गुंडाळलं की हात ओढला जातो, हे मी नव्या पोरांना शिकवायचो आणि त्या दिवशी थंडी होती म्हणून मोजा तसाच ठेवला. नात लहान असताना माझ्या बोटांवर मोजायला शिकली. दहापर्यंत कधी पोचायचीच नाही, साडेनऊला थांबून हसायची.

म्हाताऱ्याचे हात तिने तारेवर रबरी लेप देऊन केले. लेप द्यायच्या आधी बोटांच्या तारा टेबलावर मांडल्या होत्या, सगळ्या मापात कापलेल्या. मी समोर बसून पट्ट्यांना कानस मारत होतो. तिने डाव्या हाताची एक तार उचलली, माझ्या हाताकडे एकदा पाहिलं, पकडीने टोक छाटलं आणि तार पुन्हा रांगेत ठेवली. तुकडा उडून माझ्या कानशीपाशी पडला. ती काही बोलली नाही. मीही कानस चालू ठेवली.

फिल्मच्या पहिल्या मिनिटात म्हातारा वाकड्या चाकावरून ते बोट फिरवून पाहतो. तुमच्या बातमीदाराला बोट दिसलं, याचा अर्थ त्याने लक्ष देऊन पाहिलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही पत्र्याची धार अजून त्याच बोटाने चाचपतो. टोक गेलं, स्पर्श गेला नाही.

खरी चूक आहे ती २ मिनिटं ५० सेकंदांवर. बैल नालीपाशी थांबतो तिथे नीट पाहिलं तर तो एकदम एक सूत, म्हणजे तीनेक मिमी, डावीकडे सरकतो आणि त्याची सावलीही उडते. त्या रात्री गल्लीतून वरात चालली होती. टेबलाच्या पायांखाली मी रबराचे तुकडे दिले होते, पण डीजेपुढे रबर काय करणार? खिडकीच्या काचा वाजत होत्या. सरकल्याचं लक्षात आलं तोवर पुढचे तीस फोटो झाले होते. फिल्म द्यायची तारीख तोंडावर आलेली, तेव्हा तसंच ठेवलं. हॉलमध्ये कोणाला कळलं नाही. बातमी वाचून मी म्हटलं, जाऊ दे, पेपरवाल्यालाही दिसलं नाही. ती म्हणाली, "मले दिसते ना."

तर ती आता तो शॉट पुन्हा घेते आहे. ११ सेकंद, म्हणजे १३२ फोटो. सेट अजून पुढच्या खोलीत उभा आहे, इतवारीची गल्ली, नाली, सुताराचं दुकान, सगळं एका टेबलावर. माझी विनंती एवढीच की 'संगणकावर' हा शब्द दुरुस्त करून दोन ओळी छापाव्यात, बोटाबद्दल छापलं नाही तरी चालेल. आणि जमल्यास त्याच बातमीदाराला एका रात्री आमच्याकडे पाठवावं. अकरानंतर. पंखा बंद असतो, त्या तयारीने यावं. माझा उजवा गुडघा गेल्या महिन्यापासून वाकत नाही, त्यामुळे टेबलाखाली जायला माणूस नाही. पाना मी देतो.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
निवृत्त फिटर, सक्करदरा, नागपूर

(नाव आणि पत्ता वेगळ्या चिठ्ठीत दिला आहे. तो छापू नये, नातीने बजावलं आहे.)